वाड्यातली '१८९७': वारसाहक्काने आलेल्या एका जुन्या पंप बंदुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बालाघाटाच्या पट्ट्यातल्या एका देशमुखी घरातलं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितोय. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वारलेले गृहस्थ म्हणजे आबा, शेती बघणारा थोरला मुलगा बापू, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा अण्णा आणि नांदेडला दिलेली ताई, एवढ्याच नावांनी पुढं जाऊ.

घरात बाराबोअरची एक पंप बंदूक होती, म्हणजे नळीखालची मूठ मागंपुढं करून काडतूस भरायची छर्र्याची शॉटगन. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीचं १८९७ मॉडेल. आबांच्या वडिलांनी ती निजामाच्या राज्यात हैदराबादेत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात घेतली, असं घरात सांगतात. रझाकारांच्या दिवसांत ती ज्वारीच्या बळदात दडवली होती, असंही सांगतात. सांगण्यातलं किती खरं ते ठरवता येत नाही, पण परवान्याची कागदं बरंच बोलतात. सुरुवातीचा परवाना उर्दूत. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर इंग्रजी टाइप केलेली पानं. पुढं १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ लागू झाल्यावर नवी वही. तिथून मराठी शिक्के. एका घराच्या बंदुकीची तीन राजवटींतली नोंद इतकी सलग सापडणं दुर्मीळ आहे. कागद सांभाळल्याबद्दल या घराला मानलं पाहिजे.

आबांनी परवाना शेवटपर्यंत वेळेवर नूतनीकरण करून घेतला. निवडणूक लागली की ठाण्यात बंदूक जमा करायची, निकालानंतर पावती दाखवून परत आणायची, हा त्यांचा शिरस्ता होता. उडवणं मात्र फार पूर्वीच थांबलं होतं.

अडचण

आबा गेले. दिवसकार्य झालं, वारसनोंदी सुरू झाल्या, आणि बंदूक आबांच्या खोलीत लोखंडी ट्रंकेत तशीच राहिली. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नाही. ज्या दिवशी परवानाधारक जातो, त्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते हत्यार जवळ ठेवायचा अधिकार उरत नाही. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला बोलावलं तेव्हा आठ महिने उलटले होते.

बोलावण्याचं कारणही वेगळंच होतं. अण्णांनी इंटरनेटवर वाचलं होतं की अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक धरतात आणि त्याला आपल्याकडच्यासारखा परवाना लागत नाही. बंदुकीवर तर ठसठशीत १८९७ कोरलेलं. त्यातच कुणीतरी बापूंना सांगितलं, "फॉरेनची हाय, चार-पाच लाखाला मरण नाही." बापूंचा स्वतःचा हिशोब तिसराच होता. हरभऱ्यात रानडुकरं घुसत होती. त्यांनी मला सरळ विचारलं, "वाजती का अजून, तेवढं बघून सांगा. वाजत असली तर इकायची कामून?"

म्हणजे प्रश्न दोन आले होते: किंमत किती, आणि भरवशाची आहे का. तिसरा, सगळ्यात तातडीचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

पहिला निर्णय: आज बंदूक कुठं राहणार

माझं पहिलं म्हणणं असं होतं की किंमत आणि तपासणी दोन्ही बाजूला ठेवा, आधी ताबा कायदेशीर करा. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक वारला की वारसाने विनाविलंब हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं.

इथं घरात पहिली ओढाताण झाली. अण्णा म्हणाले, ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ओल असते, बंदूक गंजेल. त्यापेक्षा गाडीत घालून थेट संभाजीनगरच्या विक्रेत्याकडे नेऊ. गंजण्याची भीती खरी होती. ठाण्यात वर्ष-दोन वर्षं पडलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. नळीत हात फिरवला तर तांबडा भुगा निघतो. पण परवाना नसलेलं हत्यार डिकीत घालून दोन जिल्हे ओलांडायचे, आणि वाटेत नाकाबंदीला गाडी अडवली तर सांगायचं काय? सगळ्या पर्यायांत हाच सर्वांत वाईट होता. जमा करायला निघालो होतो, हे ठाण्याच्या दारात सांगणं वेगळं आणि महामार्गावर सांगणं वेगळं.

शेवटी वकिलाकडून अर्ज लिहून घेतला. मृत्यूचा दाखला, परवान्याची मूळ वही, उशिराचं कारण जसंच्या तसं, आणि सोबत विनंती की परवाना प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने हत्यार पुढं विक्रेत्याकडे ठेवू द्यावं. बापूंनी ठाण्यात आधी फोन करून कल्पना दिली आणि त्याच दिवशी बंदूक जमा केली. निरीक्षकांनी समजून घेतलं, पावती दिली. सगळीकडे असंच होईल असं कुणी धरून चालू नये. विनापरवाना ताबा हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि आठ महिने हा थोडा काळ नव्हे. इथं आबांची वर्षानुवर्षांची स्वच्छ नोंद घराच्या कामी आली.

काही आठवड्यांनी मंजुरी मिळाली आणि बंदूक विक्रेत्याकडे हलली. तपासणी तिथं झाली.

१८९७ हे वर्ष नव्हे

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ही बंदूक विंचेस्टरने १८९७ ला बाजारात आणली. त्याआधीचं १८९३ चं मॉडेल काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होतं. धूररहित दारूचा जोर पेलावा म्हणून तेच मजबूत करून १८९७ आलं. खप इतका झाला की उत्पादन १९५७ पर्यंत चालू राहिलं आणि दहा लाखांहून जास्त बंदुका बनल्या. साठ वर्षांत कधीही बनलेली असली, तरी अंगावर १८९७ च असतं. ते मॉडेलचं नाव आहे.

वय सांगतो तो क्रमांक. या बंदुकीच्या क्रमांकाच्या शेजारी इंग्रजी 'ई' अक्षर होतं. रचनेत सुधारणा होत गेल्या तशी कंपनी ही अक्षरं पुढं सरकवत गेली. 'ई' त्यातलं शेवटचं, म्हणजे बंदूक विसाव्या शतकातली. अमेरिकेची १८९८ ची मर्यादा लावली तरी ती अँटिकमध्ये बसत नव्हती.

बसली असती तरी उपयोग नव्हता. भारतात अशी वर्षाची रेषाच नाही. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करून किंवा न करता, कशीही वापरण्याजोगी नसतील तरच. 'दुरुस्ती करून' या दोन शब्दांनी अनेक घरांचा समज खोटा ठरतो. घोडा मोडलेली बंदूक दुरुस्त होते, म्हणून तिला परवाना लागतो. अण्णांना हे पटायला वेळ लागला. कलम समोर ठेवून दोनदा वाचलं, तेव्हा ते शांत झाले.

तपासणी: वाजते आणि भरवशाची आहे, यातलं अंतर

पंप मागं ओढला तर सुरळीत आला. पुढं ढकलला, काडतुसामागचं दार बसलं, खटका लागला. बापूंचा चेहरा उजळला. नेमक्या याच ठिकाणी लोक थांबतात आणि काडतूस घालून बघतात. म्हणून आम्ही काय काय पाहिलं, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी काडतुसाचं घर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. सुरुवातीच्या १८९७ बंदुकांत बाराबोअरचं घर २ ५/८ इंच, म्हणजे साडेसहासष्ट मिलिमीटरच्या आसपास असे. आजची नेहमीची काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत नव्हे, धोका असा की ७० चं काडतूस आखूड घरातही सहज बसतं. काडतुसाची लांबी उडाल्यानंतर तोंड उलगडून मोजलेली असते. दुमडलेलं, न उडालेलं काडतूस बरंच आखूड असतं. बार झाला की तोंड उलगडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय, हा तर्क इथं जिवावर बेततो. विक्रेत्याच्या गेजने मोजलं तर हिचं घर ७० चं निघालं. ती एक भीती गेली.

मग नळी. खालच्या बाजूला बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळी जादा दाबाने तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेचे ठसे होते, त्यात धूररहित दारूच्या चाचणीचा 'एनपी' सुद्धा. म्हणजे माल अमेरिकेचा असला तरी इंग्लंडमार्गे आला होता, कारण तिथं विकायचं तर प्रूफ करणं बंधनकारक होतं. ठसे पाहून अण्णा पुन्हा खुलले. पण प्रूफ त्या दिवसाच्या नळीचं असतं. उजेडाकडे धरून पाहिलं तर घराच्या पुढं वीतभर अंतरावर गंजाचे खोल खड्डे दिसत होते, देवीच्या व्रणांसारखे. तिथं पत्रा किती उरलाय, ते डोळ्यांनी कळत नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट घोड्यात सापडली. या मॉडेलचा घोडा बाहेर असतो आणि त्याला अर्धी चढण असते, म्हणजे अर्धवट मागं ओढून तो एका खाचेत अडकवून ठेवता येतो. सुरक्षेची सोय म्हणावी तर तीच. नळी रिकामी असल्याची खात्री करून घोडा अर्ध्यावर ठेवला आणि कारागिराने अंगठ्याने मागून जोर दिला. टक् करून घोडा खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. खाच झिजून गुळगुळीत झाली होती. भरलेली बंदूक खांद्यावर टाकून बांधावरून उडी मारली असती तर काय झालं असतं, ते बापूंना सांगावं लागलं नाही. ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

आणखी एक गोष्ट बिघाडाची नसून रचनेची आहे. आजच्या बंदुकीत चाप दाबून धरला तरी पंप मारल्यावर बार होत नाही. चाप एकदा सोडून पुन्हा दाबावा लागतो. १८९७ मध्ये ती सोय नाही. चाप दाबलेला असताना पंप पुढं गेला की दार बसताक्षणी काडतूस उडतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत हिच्या आखूड नळीच्या आवृत्तीचा असाच वापर केला, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने शॉटगनच्या वापराविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला. रात्री हरभऱ्यात डुकरामागं धावणाऱ्या, थंडीने बोटं आखडलेल्या माणसाच्या हातात ती रचना नको.

दस्त्याच्या मानेला तडा होता आणि त्यावर कुणीतरी तांब्याची तार इतकी नीट गुंडाळली होती की वेढे मोजावेत. जुन्या हातांचं ते काम पाहत राहावंसं वाटलं. पण तार तडा झाकते, सांधत नाही.

किंमत

चार-पाच लाखांचा आकडा कुठून आला, ते शोधलं. कुणीतरी अमेरिकेतल्या लिलावात खंदकी आवृत्तीची किंमत पाहिली होती. सैन्याचे ठसे असलेली, २० इंची नळीची, वर जाळीदार पत्रा आणि संगिनीची खीळ असलेली ती बंदूक संग्राहक हजारो डॉलरला घेतात. ही तशी नव्हती. ३० इंची नळीची साधी शिकारी बंदूक, जी तिकडे झिजलेल्या अवस्थेत काहीशे डॉलरला मिळते.

तिकडची किंमत इकडे लागूही होत नाही. खासगी माणसाला बंदूक सहजी परदेशी पाठवता येत नाही, आणि शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदाही आडवा येतो. इथला गिऱ्हाईक परवानाधारकच हवा, आणि शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. ज्याच्याकडे एकच जागा मोकळी आहे, तो झिजलेल्या घोड्याची बंदूक त्या जागी का घेईल?

मूळ रूप टिकलं असतं तर हौशी माणसाने थोडं जास्त मोजलं असतं. पण कधीतरी नळीचा मूळ निळसर काळा रंग घासून तिला आरशासारखं पॉलिश केलं होतं. त्यात कडेची कोरीव अक्षरंही अर्धी पुसली गेली. घरच्यांच्या मते बंदूक चकचकीत झाली होती. संग्राहकाच्या लेखी तिचं निम्मं मोल त्याच दिवशी गेलं. विक्रेत्याने तीस हजार सांगितले, तेही कागद पूर्ण झाल्यावर. मला तो आकडा वाजवी वाटला.

पर्याय

चार वाटा होत्या: विक्रेत्याला विकणं, शासनाकडे सोडून देणं, अधिकृत ठिकाणी कायमची निकामी करून प्रमाणपत्रासह शोभेला ठेवणं, किंवा वारस म्हणून बापूंच्या नावावर परवाना घेणं.

शासनाकडे द्यायला कुणीच तयार नव्हतं. विकण्याच्या बाजूने अण्णा होते. निकामी करण्याचा विचार मला मनापासून पटत होता, पण त्यात नळी आणि यंत्रणा कायमची कापावी किंवा भरावी लागते, आणि ताईंनी त्याला ठाम नकार दिला. वारस परवान्याला इतर वारसांची लेखी हरकत नसावी लागते, त्यामुळं ताईंच्या शब्दाला वजन होतं. त्यांची अट एकच: "बंदूक घरात राहू द्या, पन काडतूस घरात येनार नाही. लेकरं खेळत्यात तिथं."

बापूंना डुकरांचा प्रश्न होताच. त्यांना समजावून सांगितलं की बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी ही बंदूक त्या कामाची नाही. त्यांनी बांधाला सौरकुंपण घालायचं ठरवलं.

चौथी वाट ठरली, ताईंच्या अटीसह.

प्रत्यक्षात काय झालं

अर्ज शस्त्र नियम, २०१६ च्या वारसांसाठीच्या नियमाखाली केला. हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, भावंडांची प्रतिज्ञापत्रं, सगळं झालं. अडलं ते क्रमांकावर. वहीतल्या क्रमांकात जिथं ७ होता, तिथं बंदुकीवर ८ होता. संगणकावरच्या नोंदीतही ७ च. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं: ही ती बंदूक नव्हे.

उर्दू पान गावातल्या निवृत्त उर्दू शिक्षकांना दाखवलं. उर्दूत सात वरून उघडा असतो आणि आठ खालून उघडा, दोन तिरक्या रेघांचाच खेळ. मूळ पानावर स्वच्छ आठ होता. इंग्रजीत उतरवताना कुणीतरी तो सात वाचला आणि तोच पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात उतरत आला. इतक्या वर्षांत कुणी बंदूक समोर ठेवून आकडे ताडून पाहिलेच नव्हते. उर्दू पानाचं प्रमाणित भाषांतर, बंदुकीवरच्या दोन्ही ठिकाणच्या क्रमांकांचे फोटो आणि विक्रेत्याचा तपासणी अहवाल जोडला. दुरुस्ती झाली, पण बाकी सगळ्या प्रक्रियेपेक्षा जास्त वेळ या एका आकड्याने खाल्ला. उर्दू पान कुणी जीर्ण म्हणून टाकून दिलं असतं, तर परवाना मिळाला असता असं मला वाटत नाही.

परवाना बापूंच्या नावावर झाला. घोड्याची खाच दुरुस्त करून घ्यावी का, यावर चर्चा झाली. मी करू नका म्हटलं. जुळणारा मूळ भाग मिळणं कठीण, आणि वेल्डिंग करून घासलेली खाच टिकेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षा दुरुस्त न केलेली बंदूक कुणाला उडवण्याचा मोह तरी होत नाही. नळी साफ करून तेलाचा हात दिला, तार तशीच ठेवली.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी आबांच्या हयातीतच गेली. त्याच नियमात सोय आहे की परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर तो जिवंतपणीच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. आबा दोन्हींत बसत होते. क्रमांकाचा घोळही तेव्हा ते हयात असताना, त्यांच्या जबाबाने सुटला असता. ज्या घरात सत्तरीपुढचे परवानाधारक आहेत, तिथं हा विषय काढणं अवघड वाटतं हे मला कळतं. वडिलांच्या मरणाची वाट बघतोय असं त्यांना वाटू नये, म्हणून मुलं गप्प बसतात. तरी काढावा.

नूतनीकरणाच्या वेळी हत्यारावरचा क्रमांक वहीशी दर वेळी ताडून बघावा, फोटो काढून ठेवावा. पॉलिशवाल्याच्या हाती जुनी बंदूक देऊ नये. फिकट, खरवडलेला मूळ रंग चकाकीपेक्षा मोलाचा असतो. आणि बाजारात भाव विचारत फिरण्याआधी पावती हातात असावी. बापूंनी त्या आठ महिन्यांत चार-दोघांना बंदूक काढून दाखवली होती, त्यातल्या एकाने जरी वाकडं मनात धरलं असतं तर प्रकरण ठाण्यातून कोर्टात गेलं असतं.

एक गोष्ट जमा करायच्या दिवशी थोडक्यात राहून गेली असती. ट्रंकेच्या तळाशी, धोतराच्या घडीखाली अकरा जुनी काडतुसं होती. कागदी नळ्यांची, ओलीने फुगलेली, पितळी बुडावर हिरवा थर चढलेला. बंदुकीच्या नादात त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. परवाना नसताना काडतूस ठेवणंही तितकंच बेकायदा आहे, आणि असली काडतुसं अर्धवट उडून छर्रा नळीतच अडकण्याची भीती असते. अर्जात त्यांची संख्या हाताने वाढवून लिहिली, बापूंनी शेजारी सही केली आणि बंदुकीसोबत तीही जमा झाली.